बाबांच्या चेतकचा करंट गेला!

वीकेंडला उमरग्याला घरी गेले, तर अंगणात भंगारवाला उभा. सौदा चक्क बाबांच्या चेतकचा! 1980 च्या दशकातली, पॉइंटवाली. याच स्कूटरवर पुढे उभी राहून मी शाळेत गेलेय. पण चार दिवस किक मारून बाबांचा गुडघा सुजला होता. ‘बाबा, उद्यापर्यंत थांबा ना,’ मी म्हटलं.

सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या गॅरेजातले काका आले. प्लग काढला, तर पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, करंट नाही. कॉक बंद करून त्यांनी नवा प्लग कॅपमध्ये घातला, इंजिनच्या धातूला टेकवला आणि किक मारली. (प्लगच्या भोकापासून लांब हं, वाफ पेटते!) ठिणगी निळी, कडक हवी, ही लालसर, मरतुकडी. आपण मात्र नवा प्लग टाकतो आणि खूश होतो.

फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट पाहिले, तर काळेकुट्ट. पॉलिश पेपरने घासले. गाडी अर्धा तास चालली, पुन्हा बंद! खरा गुन्हेगार होता कंडेन्सर. पॉइंट उघडताना उडू पाहणारी ठिणगी तो गिळतो. तोच गेला की ठिणगी पॉइंटवरच उडते, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत जोर पोचतच नाही. 2020 मध्ये आलेल्या बॅटरीवरच्या चेतकला हा व्यापच नाही म्हणा. तिला प्लगच नाही!

फ्लायव्हील काढून कंडेन्सर बदलला, पॉइंटचा गॅप लावला. तिसऱ्या किकला धूर! आई पदराने नाक झाकत बाहेर आली. बाबा हेल्मेट शोधत होते.