‘सेट’: संसद आणि सचिव यांचा नातलग

रोमन लिपीतील अवघ्या तीन अक्षरांचा ‘सेट’ हा इंग्रजी शब्द ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ साली २० खंडांत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एखाद्या बेताच्या कादंबरीएवढी जागा व्यापतो आणि तेथे त्याचे ४३० अर्थ नोंदलेले आहेत. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या पहिल्या आवृत्तीतही सर्वांत मोठी नोंद याच क्रियापदाची होती. संपादक हेन्री ब्रॅडली यांनी तिचे १५४ मुख्य विभाग पाडले, तिला १८ हून अधिक मोठी पाने लागली आणि शेवटच्या ‘सेट अप’ या जोडक्रियापदाच्या पोटअर्थांना क्रमनिर्देशक अक्षरे देताना सबंध रोमन वर्णमाला संपल्यामुळे जोडीच्या अक्षरांनी पुन्हा मोजणी सुरू करावी लागली. २०११ साली मात्र हा मान ‘रन’ या क्रियापदाकडे गेल्याचे सांगितले गेले, कारण तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर यांनी सुमारे नऊ महिने खपून त्याचे ६४५ अर्थ वेगळे केले. या तुलनेत एक मेख आहे. नव्या आवृत्तीचे काम ‘एम’ अक्षरापासून सुरू होऊन तोवर ‘आर’पर्यंत आले होते, त्यामुळे ‘रन’ नव्या मापाने मोजला गेला आणि ‘सेट’चा आकडा जुन्याच मापाचा राहिला. आकड्यांच्या या स्पर्धेपेक्षा एवढासा शब्द इतका भार कसा पेलतो, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे.

जुन्या इंग्रजीत ‘सिट्टन’ म्हणजे बसणे आणि ‘सेट्टन’ म्हणजे बसवणे अशी जोडी होती. दुसरे रूप पहिल्याचे प्रयोजक रूप होते, म्हणजे कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून करवतो असे दाखवणारे रूप. ही जोडी जर्मानिक भाषांच्याही आधीची असून तिचे मूळ ज्या प्राचीन धातूत सापडते, त्याचेच संस्कृतमधील रूप ‘सद्’ हे आहे. संसद, परिषद, सभासद, सदन आणि उपनिषद हे सारे शब्द या धातूच्या पोटचे आहेत आणि इंग्रजीतील ‘सिट’, ‘सीट’ व ‘सॅडल’ हे त्यांचे दूरचे चुलतभाऊ होत. संस्कृतातही ‘सद्’चे प्रयोजक रूप ‘सादयति’ असे होते आणि होमाच्या आरंभी यज्ञपात्रे आपापल्या जागी मांडण्याच्या विधीला आजही ‘पात्रासादन’ म्हणतात. इंग्रजी घरात जेवणाचे टेबल ‘सेट’ करणारी व्यक्ती आणि वेदीजवळ दर्भावर पात्रे मांडणारा पुरोहित यांच्या क्रियांना एकाच धातूपासून, एकाच पद्धतीने घडलेली नावे मिळाली आहेत, ही गोष्ट भाषांच्या इतिहासातील खरोखर विलोभनीय गोष्टींपैकी आहे.

मराठीतील ‘बसणे’ मात्र ‘सद्’पासून आलेले नाही. ते ‘उप’ या उपसर्गासह येणाऱ्या ‘विश्’ धातूपासून, प्राकृतातून व जुन्या ‘बैसणे’ या रूपातून आले आहे. मूळ वेगळे असूनही बसण्यापासून बसवण्याकडे जाणारी वाट दोन्ही भाषांनी सारखीच तुडवली आणि म्हणूनच ‘सेट’चे पुष्कळसे अर्थ मराठी माणसाला परके वाटत नाहीत. सोनार कोंदणात खडा बसवतो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवतात, आणि या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ किंवा त्याचेच एखादे रूप चालते. एखादी वस्तू तिच्या योग्य जागी ठेवणे हा पहिला अर्थ, ती तेथून हलणार नाही अशी ठेवणे हा दुसरा, आणि न हलणारी म्हणून घट्ट, पक्की, ठरलेली असणे हा तिसरा, अशी ही चढण आहे. या तिसऱ्या पायरीवर सिमेंट आणि जेली ‘सेट’ होतात, किमती ‘सेट’ होतात आणि माणसाची मतेही ‘सेट’ झालेली असतात. सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा क्रियापद पुन्हा अकर्मक होऊन खाली बसण्याच्या जुन्या कल्पनेजवळ परतते. मराठीने मात्र तेथे बसण्याची कल्पना सोडून मावळणे, बुडणे आणि अस्ताला जाणे असे तीन वेगवेगळे शब्द राखले.

जेथे ‘बसवणे’ अपुरे पडते तेथे मराठीत ‘लावणे’ धावून येते आणि या क्रियापदाचा पसारा ‘सेट’च्या तोडीचा आहे. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कामाला लावणे, कवितेला चाल लावणे या प्रत्येक प्रयोगाच्या जागी इंग्रजीत ‘सेट’ वापरता येतो, परंतु नाव लावणे, शिस्त लावणे किंवा जीव लावणे येथे तो चालत नाही. उलट बाजूनेही वर्तुळे पूर्णपणे एकमेकांवर पडत नाहीत. प्रश्नपत्रिका ‘सेट’ करणे म्हणजे ती काढणे, पायंडा ‘सेट’ करणे म्हणजे तो पाडणे, उदाहरण ‘सेट’ करणे म्हणजे ते घालून देणे, आणि छापखान्यात मजकूर ‘सेट’ करणे म्हणजे खिळे जुळवणे होय. हे शेवटचे काम करणाऱ्याला जुळारी असा सुरेख मराठी शब्द होता, जो शिशाच्या खिळ्यांबरोबर वापरातून जवळजवळ गेला. येथे प्रतिशब्द क्रियापदावरून ठरत नाही. क्रियापदाशेजारी कोणते नाम आले आहे यावरून तो ठरतो, आणि द्विभाषिक कोशात नुसती प्रतिशब्दांची रांग देणे अपुरे का पडते याचे कारणही हेच आहे.

एकाच शब्दाला परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असण्याला भाषाशास्त्रात अनेकार्थता म्हणतात, आणि या घटनेला ‘पॉलिसेमी’ हे नाव फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात दिले. याहून वेगळी गोष्ट म्हणजे समरूपता, जिच्यात भिन्न मुळांचे दोन शब्द काळाच्या ओघात एकाच रूपात येऊन ठेपतात. ‘सेट’मध्ये या दोन्हींचे मिश्रण झाले आहे. दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट असे म्हणताना समूहाचा जो अर्थ अभिप्रेत असतो तो ‘सेट्टन’पासून निघालेला नसून जुन्या फ्रेंचमधून, ‘अनुसरण करणाऱ्यांचा गट’ या अर्थाच्या ‘सेक्टा’ या लॅटिन शब्दापासून आला आहे. पंथवाचक ‘सेक्ट’ हा इंग्रजी शब्दही त्याचाच. या लॅटिन शब्दामागील धातूचा संस्कृत प्रतिनिधी म्हणजे सोबत असणे या अर्थाचा ‘सच्’, ज्यापासून ‘सचिव’ हा शब्द झाला. त्यामुळे ‘सेट’ या क्रियापदाचे नाते संसदेशी आणि समूहवाचक ‘सेट’चे नाते सचिवाशी, असा योग जुळून आला आहे. पुढे दोन्ही प्रवाह इतके मिसळले की एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तू म्हणजे सेट, अशीच समजूत इंग्रजी भाषकांत रुजली. गणितज्ञ गेओर्ग कांटोर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या सिद्धांतातील ‘मेंगे’ या जर्मन संज्ञेसाठी इंग्रजीने हाच शब्द घेतला, तर मराठी पाठ्यपुस्तकांनी गोळा करणे या अर्थाच्या ‘चि’ धातूवरून ‘संच’ हा नेटका शब्द रूढ केला.

अर्थ पुष्कळ असले की समानार्थी शब्दही पुष्कळ असतात, आणि इंग्रजीत ते थरांनी साचले आहेत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकारभाराची भाषा फ्रेंच झाली व विद्वत्तेची लॅटिन राहिली, त्यामुळे ‘सेट’ व ‘पुट’ हे घरचे शब्द, ‘प्लेस’ व ‘एस्टॅब्लिश’ हे फ्रेंचमधून आलेले आणि ‘डिपॉझिट’सारखे थेट लॅटिन वळणाचे शब्द एकाच भाषेत शेजारी नांदू लागले. मराठीलाही ही रचना अनोळखी नाही. लग्नाची तारीख घरात ठरवली जाते, जुन्या दप्तरांत ती फारसीतून आलेल्या अरबी शब्दाने मुक्रर होते आणि सरकारी परिपत्रकात ती निश्चित केली जाते. तसेच नवरात्रात घट बसवणारे घर निमंत्रणपत्रिकेवर घटस्थापना असे छापते. यांतील एकही शब्द दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेत नाही. समानार्थी शब्द शेजारी आले की ते फार काळ एकसारखे राहत नाहीत आणि आपसांत कामे वाटून घेतात, असा नियम ब्रेआल यांनीच मांडला होता. म्हणून पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी समानार्थ कोश शब्दांची अदलाबदल करण्यासाठी वापरणाऱ्यांची नेहमी फसगत होते. शब्दांमधील अंतर पाहण्यासाठी तो वापरला तर मात्र त्याचा उपयोग अपार आहे.

इतक्या अर्थांतून ऐकणाऱ्याला नेमका अर्थ क्षणात कसा कळतो, याचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केला आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दांसाठी नानार्थवर्ग स्वतंत्रपणे दिला आहे आणि भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ ग्रंथात अर्थनिश्चिती करणाऱ्या संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल अशा घटकांची मोजदाद केली आहे. प्रकरण म्हणजे बोलण्याचा प्रसंग, आणि त्याचे परंपरागत उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचे आहे, जो जेवणाच्या पानावर मागितला तर मीठ आणि प्रवासाला निघताना मागितला तर घोडा ठरतो.

‘सेट असाइड’ या जोडक्रियापदाला हीच कसोटी लावून पाहता येते. अर्थसंकल्पाच्या चर्चेत एखादी रक्कम ‘सेट असाइड’ केली असे म्हटले की ती राखून ठेवली असा अर्थ होतो, तर न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्दबातल ठरवला. ‘निकाल बाजूला ठेवला’ असे शब्दशः भाषांतर छापून आले की वाचकाला तो निकाल राखून ठेवल्यासारखा, म्हणजे अद्याप दिलाच नसल्यासारखा वाटतो, आणि ज्या पक्षकाराच्या विरुद्धचा आदेश प्रत्यक्षात मोडीत निघालेला असतो त्याला आपले प्रकरण अजून लोंबकळते आहे असे समजून बसावे लागते.