बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचा हवामानाधारित अंदाज

बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचा हवामानाधारित अंदाज म्हणजे तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि पाऊस यांच्या नोंदींवरून या रोगाचा धोका तो शेतात दिसण्यापूर्वी ओळखण्याची पद्धत होय. हा रोग फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवामुळे होतो. हा जीव बुरशीसारखा दिसत असला, तरी खऱ्या बुरशींहून वेगळ्या गटातील आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळाचे तात्कालिक कारण हाच रोग होता. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मरण पावले आणि जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला.

रोग आणि हवामान

रोगग्रस्त पानाच्या खालच्या बाजूस पांढरट वाढ दिसते. तिच्यावर तयार होणाऱ्या बीजाणुधानी वाऱ्याने व पावसाच्या थेंबांनी पसरतात. त्या तयार होण्यासाठी हवा जवळजवळ संपृक्त असावी लागते, तर रुजण्यासाठी पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडाव्यात एका बीजाणुधानीतून अनेक चलबीजाणू बाहेर पडून पाण्यात पोहतात. उबदार हवेत बीजाणुधानी स्वतःच रुजते. म्हणून थंड, ओली रात्र अधिक धोक्याची असते.

संसर्ग झाल्यापासून डाग दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस जातात. अंदाजाचे सारे महत्त्व या अवधीत आहे. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशके संसर्गापूर्वी पानावर असतील तरच उपयोगी पडतात. डाग दिसल्यावर केलेली फवारणी त्या पानाला वाचवू शकत नाही. याउलट, भीतीपोटी दर आठवड्याला फवारणी केली तर खर्च वाढतो आणि औषधाला न जुमानणारे वाण फोफावण्यास वाव मिळतो.

नियमांचा विकास

१९२६ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन एव्हरडिंगेन यांनी चार अटींचा नियम मांडला: रात्री किमान चार तास दव पडण्याजोगी स्थिती, किमान तापमान १० अंशांखाली न जाणे, दुसऱ्या दिवशी बहुतांश ढगाळ आकाश आणि किमान ०.१ मिलिमीटर पाऊस. एवढ्या पावसाने माती भिजत नाही, पण पान ओले राहते, आणि रोगाला तेवढे पुरते. इंग्लंडमध्ये १९४७ साली ब्यूमाँट यांनी दवबिंदू व ढग वगळून नियम सोपा केला: सलग ४८ तास तापमान १० अंशांहून कमी नसावे आणि आर्द्रता ७५ टक्क्यांखाली जाऊ नये. आयर्लंडमध्ये ऑस्टिन बर्क यांनी १९५३ मध्ये स्वतंत्र नियम तयार केले. ब्रिटनमध्ये १९५६ पासून 'स्मिथ काळ' रूढ झाला. त्यात सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा अधिक आणि प्रत्येक दिवशी किमान ११ तास ९० टक्के आर्द्रता अपेक्षित होती.

हे नियम 'धोका आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगत. अमेरिकेत वॉलिन यांनी धोक्याला गुण दिले. सरासरी तापमान १५.१ ते २६.६ अंश असताना ९० टक्क्यांवरील आर्द्रता १० ते १२ तास टिकली तर एक गुण, ७.२ ते ११.६ अंशांत त्याच एका गुणासाठी १६ ते १८ तास लागतात. १९७५ च्या ब्लाइटकास्ट या संगणकीय पद्धतीत वॉलिन यांचे गुण आणि हायर यांचा पावसावर आधारित नियम एकत्र आणले गेले. उगवणीपासून १८ गुण जमले की पहिल्या फवारणीची वेळ जवळ आली, असे तीत मानले जाते.

स्मिथ काळ पूर्ण न भरताही रोग उद्भवतो, हे पुढे लक्षात आले. म्हणून ब्रिटनमध्ये २०१७ पासून त्याजागी 'हटन निकष' आले. त्यांत तापमानाची अट तीच राहिली, आर्द्रतेचे तास मात्र ११ वरून ६ वर आणले गेले. साठ वर्षे वापरात असलेला नियमही अंतिम नसतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भारतातील स्थिती

सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पश्चिम उत्तर प्रदेशासाठी 'झुलसाकास्ट' विकसित केले. तेथे बटाटा हिवाळ्यात पिकतो आणि काही वर्षे पाऊस पडतच नाही. त्यामुळे पावसाच्या व बिनपावसाच्या वर्षांसाठी नियम वेगळे आहेत. पुढे 'इंडो-ब्लाइटकास्ट' ही देशव्यापी पद्धत आली.

पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, खरीप बटाटा होतो. पावसाळ्यात हवा दिवसच्या दिवस दमट राहत असल्याने स्मिथ काळासारखा नियम तेथे जवळजवळ सतत भरू शकतो. रोज मिळणाऱ्या इशाऱ्यावरून शेतकऱ्याला कोणताही निर्णय घेता येत नाही. म्हणून परक्या प्रदेशातील नियम स्थानिक नोंदींशी पडताळल्याशिवाय वापरणे योग्य नाही.

मर्यादा

हवामान अनुकूल असणे म्हणजे रोग येणे नव्हे. संसर्गाचा स्रोत, म्हणजे रोगट बेणे, मागच्या हंगामातील टाकून दिलेले बटाटे किंवा शेजारचे टोमॅटोचे पीक, जवळपास असावा लागतो. हवामान केंद्र मोकळ्या जागी असते. दाट पानोळ्यात ओलावा त्याहून अधिक काळ टिकतो. शिवाय संपृक्ततेच्या जवळ आर्द्रतामापकाची अचूकता घटते. उंबरठा ९० टक्क्यांचा असताना मापकाने ९२ ऐवजी ८८ दाखवले, तर संपूर्ण रात्र हिशेबातून गळते.