निष्ठेचा वारसा आणि हिशेबाचा हक्क

तरुणांस राजकारणाचे वावडे आहे, अशी तक्रार वडीलधाऱ्यांच्या तोंडी हल्ली वरचेवर ऐकू येते. पालघर आणि बोईसर-तारापूरचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या तक्रारीचा विचार केला, तर सारा दोष तरुणांच्याच पदरी घालणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

या भूमीत राजकारण हा केवळ निवडणुकीपुरता उद्योग कधीच नव्हता. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. पुढे १९४५ मध्ये डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध मान वर केली. ज्या घरांत या आठवणी सांगितल्या गेल्या, तेथे मत पक्षास जाई आणि बहुधा ते पुढच्या पिढीसही वारशाने मिळे. पक्ष म्हणजे आपली बाजू, चिन्ह म्हणजे तिची खूण, एवढे पुरेसे होते. डहाणू मतदारसंघाने २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आमदार निवडून दिला, यात त्या जुन्या निष्ठेचा अंश खचितच आहे.

आजच्या तरुणाचे प्रश्न मात्र निराळे आहेत. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्या सुमारास जन्मलेले मूल २०२४ मध्ये प्रथमच मतदार झाले. त्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली, तर ती कायम की कंत्राटी? नाल्यातून समुद्रास मिळणाऱ्या पाण्याचे काय? हे त्याचे रोजचे विषय आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाकडे पाहताना एखाद्या कोळ्याच्या घरात बापास मासेमारीचा समुद्र दिसावा आणि मुलास रोजगार, हे अगदी स्वाभाविक आहे. दोघांचीही चिंता खरी आहे. या दोहोंचा मेळ घालणे हेच तर पक्षांचे काम!

ते काम बाजूस ठेवून पक्षांनी या तरुणास काय दाखविले? भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. वनगांचे पुत्र शिवसेनेकडून उभे राहिले, तर काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपकडून निवडून आले. तेच गावित २०१९ मध्ये शिवसेनेचे खासदार झाले आणि २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेकडून पालघरचे आमदार झाले. बोईसरचे विलास तरे २००९ व २०१४ मध्ये बहुजन विकास आघाडीचे आमदार होते. २०२४ मध्ये ते शिंदे यांच्या शिवसेनेचे आमदार झाले. हे सारे लोकांनी दिलेल्या मतांनीच घडले, यात शंका नाही. परंतु नेत्यांनाच जी निष्ठा आवश्यक वाटत नाही, ती मतदाराने वडिलांकडून जशीच्या तशी घ्यावी, हा आग्रह कोणत्या तोंडाने धरावयाचा?

तथापि येथेच तरुणांसही दोन शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘पक्ष सारे सारखेच, माणूस पाहून मत द्यावे,’ हे म्हणणे ऐकावयास शहाणपणाचे असले तरी अपुरे आहे. कंत्राटी कामगाराचा कायदा किंवा विस्थापितांचे धोरण एकटा आमदार ठरवीत नाही. विधिमंडळात पक्षादेश निघतो आणि त्याप्रमाणे हात वर होतात. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागण्यास २०१६ मध्ये मांगेला समाजाची परिषद पुढे आली. ती संघटना होती, म्हणूनच एवढी मजल गाठू शकली. एकेकट्याच्या रागाला कोणी भीक घालीत नाही.

म्हणून पक्षांनी उमेदवार वरून लादण्याची रीत सोडून तालुक्यातील सभासदांचे मत घ्यावे, आणि पक्ष बदलणाऱ्याने आधी मतदारांपुढे येऊन त्याचे कारण सांगावे. तरुणांनी आपले प्रश्न कट्ट्यावर न ठेवता पक्षाच्या शाखेत न्यावेत. जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. त्या सभेत जाऊन बसावे. आणि वडीलधाऱ्यांनी? मुलाने निवडणुकीच्या दिवशी ‘या पक्षाने पाच वर्षांत आपल्यासाठी काय केले?’ असे विचारले, तर त्यास उर्मट ठरवू नये. त्याच्याबरोबर बसून तो हिशेब मांडावा. आपल्या तरुणपणी आपणही असेच प्रश्न विचारीत होतो, याची त्यांस आठवण होईल.