स्पीकर घरी आले. आता ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा?

टीव्ही दिवसेंदिवस सडपातळ होत चालला आहे. त्याच्या पाठीशी बसवलेल्या इवल्याशा स्पीकरांतून आवाज येतो खरा, पण बोल नीट उमटत नाहीत. म्हणून आता बऱ्याच घरांत लाकडी पेटीतल्या स्पीकरांची जोडी आणली जाते. खोके उघडल्यावर लक्षात येते की या स्पीकरांना विजेची पिनच नाही. मागे फक्त एक लाल आणि एक काळे टोक आहे. म्हणजे त्यांना चालवायला वेगळा ॲम्प्लिफायर हवा. स्पीकरांवर पैसे खर्च झालेले असतात, महिना अखेरीला आलेला असतो आणि दुकानात गेले की दोन हजारांपासून दोन लाखांपर्यंतचे ॲम्प्लिफायर मांडलेले दिसतात. अशा वेळी काय पाहावे, कशाकडे दुर्लक्ष करावे, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

घरात स्पीकरवर कोणी तिलावत ऐकतो, कोणी नात, कोणी बातम्या, तर कोणी कव्वाली. काय ऐकावे, हा या लेखाचा विषय नाही. जे ऐकायचे ते स्वच्छ ऐकू यावे आणि त्यासाठी गरजेपेक्षा जास्त खर्च होऊ नये, एवढाच आमचा हेतू आहे.

वॅटचे खोटे माप

आम्ही आमच्या घरासाठी चौकशी करत होतो, तेव्हा एका दुकानदाराने खोके पुढे सरकवले. "सर, हा घेऊन जा. पाच हजार वॅट! भिंती हादरतील." आम्हाला भिंती हादरवायच्या नव्हत्या. आमच्या अम्मींना वयामुळे कमी ऐकू येते. आवाज वाढवला की त्या म्हणतात, "आवाज मोठा झाला, पण काय म्हणतो ते कळत नाही." त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू यायला हवे होते.

खोक्यावरच्या त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असे लिहिलेले असते. हे माप ठरावीक पद्धतीने मोजलेले नसते. क्षणार्धात काय निघू शकेल याचा अंदाज करून, शून्ये वाढवून तो आकडा छापतात. खरा उपयोगाचा आकडा 'आरएमएस' वॅटचा. सतत, न फाटता किती ताकद मिळते हे तो सांगतो. माप-तोलात लबाडी करणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये 'मुतफ्फिफीन' ही संपूर्ण सूरह त्याच नावाने आहे. तराजूने धान्य मोजणाऱ्यालाच ती ताकीद लागू आहे असे नाही. खोक्यावर वॅट छापणाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे. घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवलेले बरे.

खरे-खोटे तपासण्याची एक सोपी रीत आहे. ॲम्प्लिफायर विजेच्या तारेतून जेवढे घेतो, त्याहून जास्त तो सतत देऊ शकत नाही. मागच्या पट्टीवर 'वीजवापर 60 वॅट' लिहिले असेल आणि पुढे '100 + 100 वॅट' लिहिले असेल, तर दुसरा आकडा सोडून द्यावा.

आजकाल तळहातावर मावणारे, ॲडाप्टरवर चालणारे 'क्लास डी' ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतात. त्यांतल्या बहुतेकांसाठी एक गणित चालते. ॲडाप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. येणारा आकडा म्हणजे एका स्पीकरला मिळू शकणारी जास्तीत जास्त ताकद. 8 ओहमच्या स्पीकरासाठी हिशेब असा पडतो:

12 व्होल्टचा ॲडाप्टर: 144 भागिले 16, म्हणजे 9 वॅट.
19 व्होल्टचा ॲडाप्टर: 361 भागिले 16, म्हणजे सुमारे 22 वॅट.
24 व्होल्टचा ॲडाप्टर: 576 भागिले 16, म्हणजे 36 वॅट.

प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळते. शिवाय ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकारही करून पाहावा. 24 व्होल्ट आणि 3 ॲम्पिअर म्हणजे 72 वॅट, आणि तेही दोन्ही स्पीकर मिळून. सातवी-आठवीच्या मुलाला हा हिशेब करायला द्यावा. खोक्यावरची मोठमोठी अक्षरे त्याला पुन्हा फसवणार नाहीत.

स्पीकरच्या पाठीवर काय लिहिले आहे?

ॲम्प्लिफायर निवडण्याआधी नवे स्पीकर उलटे करून त्यांची पाठ वाचावी. तिथे किंवा सोबतच्या कागदावर तीन आकडे असतात.

पहिला आकडा ओहम. बहुधा तो 4, 6 किंवा 8 असतो. ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त. ॲम्प्लिफायरवर '4 ते 8 ओहम' लिहिले असेल तर तिन्ही चालतात. 'किमान 8 ओहम' लिहिले असेल तर त्याला 4 ओहमचा स्पीकर लावू नये. तो तापेल आणि बंद पडेल. एकाच टोकाला 8 ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर एकूण भार 4 ओहमचा होतो, हेही ध्यानात असावे.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. मोटारसायकलचे ॲव्हरेज असते ना, तसाच हा स्पीकरचा ॲव्हरेज समजा. साधारण एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती आवाज येतो, ते तो सांगतो. 84 म्हणजे स्पीकर खाऊ आहे. 90 म्हणजे थोडक्यात भागवणारा.

तिसरा आकडा जास्तीत जास्त वॅटचा. इथे बरेच जण गोंधळतात. स्पीकरवर 100 वॅट लिहिले म्हणजे त्याला 100 वॅटचा ॲम्प्लिफायरच हवा असे नाही. पुलावर 'जास्तीत जास्त 10 टन' लिहिलेले असते. म्हणून आपण सायकलवरून जाताना 10 टन ओझे घेत नाही.

घराला किती ताकद लागते?

एक उदाहरण घेऊ. सोनीचे एसएस-सीएस5 हे लहान आकाराचे स्पीकर 6 ओहमचे आहेत, सेन्सिटिव्हिटी 87 डेसिबल आणि कमाल मर्यादा 100 वॅट. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत आपण त्यांच्यापासून आठ फुटांवर बसलो, तर एकेका वॅटवर आपल्या कानाशी 80 डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. समोरासमोर बसून केलेले बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते. म्हणजे बातम्या, बयान किंवा तिलावत ऐकताना एक वॅटही पुरा लागत नाही.

मग जास्त वॅट कशाला हवेत? आवाजातल्या चढासाठी. कारीसाहेब खालच्या सुरात आयत सुरू करतात आणि लांब श्वासात वरच्या पट्टीत जातात. कव्वालीत एकदम टाळ्या आणि कोरस उठतो. त्या क्षणी ताकद अनेक पटींनी लागते. इथला नियम असा: आवाज 3 डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, 10 डेसिबलने वाढवायचा तर दहापट. म्हणून 1 वॅटवर चालणाऱ्या आवाजाला चढासाठी 10 ते 20 वॅटची गाठ जवळ असावी. आपल्या नेहमीच्या खोल्यांसाठी 20 ते 40 खरे आरएमएस वॅट भरपूर होतात. स्पीकर 84-85 डेसिबलचे असतील किंवा हॉल मोठा असेल तर 50 कडे जावे.

याच नियमातून खर्चाचाही हिशेब निघतो. 25 वॅटऐवजी 50 वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला तर आवाज दुप्पट होत नाही. फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. त्यासाठी किंमत दुप्पट मोजणे याला फिजूलखर्चीच म्हणावे लागेल.

मात्र अगदीच दुबळा ॲम्प्लिफायरही नको. क्षमता संपल्यावर बटण पुढे फिरवले तर आवाज फाटतो. ती फाटलेली लाट सतत गेली तर स्पीकरमधले वरचे छोटे ट्विटर जळते. आवाज खरखरला की बटण मागे घ्यावे, हे घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज

वय वाढते तसे आधी बारीक, उंच स्वर ऐकू येणे कमी होते. बोलण्यातली स, श, फ, त ही व्यंजने तिथेच असतात. म्हणून ज्येष्ठांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. अरबीचे तर विचारूच नका. सीन, साद आणि से यांतला फरक, काफ आणि क़ाफ यांतला फरक नेमक्या उच्चारावर उभा असतो. तो टीव्हीच्या पाठीमागच्या स्पीकरात बुडून जातो, मग आवाज कितीही वाढवा.

हे काम बरेचसे नवा स्पीकरच करतो. ॲम्प्लिफायरने फक्त न फाटता, न गुणगुणता आवाज पुढे पोचवायचा असतो. त्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. बास आणि ट्रेबलची वेगळी बटणे असतील तर उत्तम. बास थोडा कमी आणि ट्रेबल थोडा जास्त केला की शब्द मोकळे होतात. अम्मींसाठी आम्ही हेच केले. पूर्वीपेक्षा कमी आवाजात त्या आता तिलावत ऐकतात आणि कारीसाहेब कुठे थांबले तेही सांगतात.

दुकानात जाण्यापूर्वी

जोडणी आधी पाहावी. टीव्हीच्या मागे हेडफोनचे छिद्र आहे की फक्त ऑप्टिकल, हे बघून जावे. पुष्कळ नव्या टीव्हींना हेडफोनचे छिद्र नसते. अशा वेळी ऑप्टिकल इनपुट असलेला ॲम्प्लिफायर घेतला तर वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. मोबाइलसाठी ब्लूटूथ सोयीचे आहे; पण टीव्हीला ब्लूटूथवर जोडले तर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

मशिदीत किंवा शाळेत असतो तो पी.ए. ॲम्प्लिफायर घरी आणण्याचा मोह टाळावा. तो भोंग्यांसाठी आणि लांब तारांसाठी बनवलेला असतो. त्याच्या '100 व्होल्ट' लिहिलेल्या टोकाला घरचा स्पीकर जोडला तर स्पीकर गेलाच म्हणून समजा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जुळणी केलेले ॲम्प्लिफायरही मिळतात. तिथे ट्रान्सफॉर्मर किती व्होल्ट-ॲम्पिअरचा, फ्यूज आहे का आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार, हे तीन प्रश्न विचारावेत. ॲडाप्टरवाला घेत असाल तर ॲडाप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. लहान मुलांच्या घरात तर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना, नावाजलेल्या कंपनीचा ॲम्प्लिफायर कमी किमतीत मिळत असेल तर तोही वाईट सौदा नाही. पण तो अर्धा तास चालवून पाहावा. काहीही न लावता गुणगुण येते का, बटण फिरवताना कर्रकर्र होते का, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का, हे ऐकावे. चाचणीला आपले नवे स्पीकर नेऊ नयेत. बिघडलेला ॲम्प्लिफायर स्पीकरची कॉइल जाळू शकतो. घरातला एखादा जुना, टाकाऊ स्पीकर न्यावा.

तारेवर वेगळा खर्च नको. घराच्या वायरिंगची 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटरपर्यंत उत्तम काम देते. फक्त लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडावे. एका स्पीकरची टोके उलटी झाली तर काही जळत नाही, पण बास नाहीसा होतो आणि आवाज पोकळ लागतो. जोडताना ॲम्प्लिफायर बंद असावा आणि तारेचे मोकळे तंतू एकमेकांना लागू देऊ नयेत.

भिंतीपलीकडचा हक्क

शेवटची गोष्ट पैशांची नाही. आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागून घरे असतात. पलीकडे कोणी आजारी असतो, कोणाची दहावीची परीक्षा असते, कोणी रात्रपाळी करून नुकताच निजलेला असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्याकडे तर कायद्याच्या कितीतरी आधीपासून शेजाऱ्याचा हक्क सांगितलेला आहे, आणि तो शेजारी कोणत्या धर्माचा हे त्यात विचारलेले नाही. बास भिंतीतून आरपार जातो. म्हणून स्पीकर सामाईक भिंतीला टेकवू नयेत, खाली रबराचे तुकडे द्यावेत आणि रात्री बास कमी करावा.

कुरआनचे पठण चालू असताना शांत राहून लक्ष द्यावे, ही शिकवण आपण मुलांना देतोच. लक्ष दिले की थोडा आवाजही पुरतो. म्हणून दुकानात जाताना चिठ्ठीवर एवढेच लिहून न्यावे: स्पीकरचे ओहम, स्पीकरचे डेसिबल, टीव्हीचे छिद्र आणि 20 ते 40 खरे वॅट. या चार गोष्टी जुळवणारा साधा ॲम्प्लिफायर काही हजारांत मिळतो. उरलेले पैसे मुलांच्या फीला किंवा अम्मी-अब्बांच्या औषधाला येतील.