नाव एक, वेल दोन : जालना जिल्ह्यातील कर्कटी कुलातील वन्य व लागवडीच्या वनस्पती

आयुर्वेदीय चिकित्सेचे यश निदानाइतकेच द्रव्याच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात हा विषय घेतला आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी लोक औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात; पण देश, काल व पुरुष यांचा विचार करून त्यांची योजना जाणतो तोच श्रेष्ठ वैद्य, असा तेथील आशय आहे. न ओळखलेले औषध विष, शस्त्र आणि अग्नी यांच्याइतकेच घातक असते, असा इशाराही तेथेच दिला आहे. आज आपली स्थिती याच्या उलट झाली आहे. योजना आपल्याला पाठ असते, नावही पाठ असते. रूपाचा परिचय तेवढा सुटत चालला आहे.

हा परिचय सुटल्याने काय घडते, हे एका कुलाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते कुल म्हणजे भोपळा, दोडका, पडवळ, कारले यांचे कर्कटी कुल. यातील बहुतेक वेल आपल्या जिल्ह्यात दोन रूपांत आढळतात : एक मळ्यातील मांडवावर, दुसरे बांधावरच्या बोरी-बाभळीवर.

१. आपला प्रदेश

जालना जिल्हा हा मुख्यतः काळ्या व मध्यम जमिनीचा, बेताच्या पावसाचा प्रदेश असून शास्त्रीय परिभाषेत त्यास जांगल देशाच्या जवळचा म्हणता येईल. उत्तरेस भोकरदन व जाफराबाद तालुक्यांत अजिंठा डोंगररांगेचे फाटे उतरतात. मध्यभागातून दुधना व कुंडलिका वाहतात. दक्षिणेस अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या कडेने गोदावरी जाते. डोंगरउतार, काटेरी कुंपणे, शेताचे बांध आणि नदीकाठची वाळू ही वन्य वेलींची चार ठिकाणे होत. मृगाच्या पावसाबरोबर हे वेल फुटतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि आश्विन-कार्तिकात त्यांची फळे पक्व होतात. म्हणजे द्रव्यसंग्रहासाठी वैद्याच्या हाती वर्षातून जेमतेम दोन महिने असतात.

२. संहितेतील स्थान

चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनद्रव्यांचे सहा अध्याय आहेत : मदनफल, जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव, वत्सक व कृतवेधन. या सहांपैकी जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव आणि कृतवेधन ही चार द्रव्ये याच कुलातील आहेत. वमनाचे एकूण ३५५ योग सांगितले असून त्यांतील २०४ योग या चार वेलींचे आहेत. जीमूतक म्हणजे देवडांगरी किंवा कुकडवेल, इक्ष्वाकु म्हणजे कडू भोपळा, धामार्गव म्हणजे कडू घोसाळे आणि कृतवेधन म्हणजे कडू दोडका.

आचार्यांनी कडू भोपळ्यास इक्ष्वाकु किंवा कटुतुंबी म्हटले आणि भाजीच्या भोपळ्यास अलाबू किंवा मिष्टतुंबी म्हटले. दोन कार्यांसाठी दोन नावे वापरली. मराठीत मात्र दोघेही ‘भोपळा’च राहिले आणि सगळा भेद ‘कडू’ या एका विशेषणावर येऊन पडला. औषधाच्या यादीतून ते विशेषण गळाले की द्रव्यच बदलते.

३. वन्य आणि लागवडीच्या जोड्या

पडवळ : भाजीचा लांबलचक पडवळ आणि कुंपणावर वाढणारा, बोटभर लांबीची टोकदार फळे येणारा कडू पडवळ ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ट्रायकोसँथस कुकुमेरिना या एकाच जातीची दोन रूपे आहेत. उत्तर भारतात ‘पटोल’ म्हणून परवल घेतात, तर महाराष्ट्रात कडू पडवळ घेण्याची परंपरा आहे. भावप्रकाशात पटोलाचे मूळ विरेचक, वेल कफहर, पत्र पित्तहर आणि फळ त्रिदोषहर असे अंगानुसार गुण सांगितले आहेत.

तोंडले : मळ्यातील तोंडली गोडसर, बांधावरची तीच बिंबी पुष्कळदा कडू. चरकाचार्यांनी सोळा मूलिनी द्रव्यांत बिंबीची गणना करून तिचे मूळ वमनासाठी सांगितले आहे.

वाळूक : आपल्याकडचे वाळूक, शेतात आपोआप उगवणारे शेंदाड आणि नदीकाठचे खरबूज ही जवळची भावंडे. त्यांचा वन्य भाऊबंद म्हणजे कारीट. नरकचतुर्दशीला कोकणात व गोव्यात पायाच्या अंगठ्याने फोडतात, तेच हे कडू फळ.

टरबूज : याच्याच वंशातील कडू इंद्रावण वाळूमिश्रित जमिनीत पसरते. फळ टरबुजाच्या लहान प्रतिकृतीसारखे दिसते. कर्म मात्र तीक्ष्ण विरेचनाचे. मांडवावर न चढता झाडावर चढणारी, लाल फळांची कवंडळ ही निराळी वनस्पती असून तिलाही काही ठिकाणी इंद्रावण म्हणतात. संग्रह करताना हा घोटाळा होतो.

कारले व करटुले : येथे वरचा नियम उलटा होतो. रानातील करटुले, म्हणजे कर्कोटकी, कडू नाही. ती पावसाळ्यातील पथ्यकर रानभाजी आहे. आणि मळ्यातील कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडूच. माणसाने कारल्याचा कडूपणा जाणीवपूर्वक राखला. तेव्हा ‘रानातले ते कडू, मळ्यातले ते गोड’ असा सरधोपट नियम करता येत नाही. तंबोऱ्यासाठी मिरजेच्या कारागिरांकडे जाणारा पंढरपूर भागातील भोपळाही लागवडीचाच, पण खाण्यासाठी नव्हे.

४. कडूपणाचे कारण

या कुलातील तीव्र कडूपणा मुख्यतः कुकर्बिटॅसिन या द्रव्यगटामुळे येतो. कीटक व जनावरांपासून संरक्षण हे त्याचे वेलीला होणारे कार्य. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू फळांचे बी राखले, त्यातून भाजीचे वाण तयार झाले. याचा अर्थ असा की, लागवडीत जो अंश काढून टाकला तोच पुष्कळदा औषधी कर्माचा आधार होता. भाजी म्हणून जे सुधारले, ते औषध म्हणून क्षीण झाले.

हा काढून टाकलेला अंश परतही येऊ शकतो. भोपळ्यात नर व मादी फुले वेगळी असतात आणि परागीभवन कीटकांकडून होते. गोड वेलीच्या मादी फुलावर शेजारच्या कडू वेलीचा पराग पडला, तर ते फळ गोडच राहते. पण त्यातील बी पुढच्या वर्षी पेरल्यास कडू फळे येऊ शकतात. जालन्यात १९६४ साली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीची स्थापना झाली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. त्यामुळे बीजोत्पादनाच्या शेताभोवती अंतर का राखतात, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परसात घरचेच बी पुन:पुन्हा लावणाऱ्या कुटुंबास मात्र ते सांगावे लागते.

५. दोन प्रकारचे अनर्थ

पहिला अनर्थ निष्फळतेचा. पटोल असलेल्या क्वाथात भाजीच्या पडवळाची भरड आली तर रुग्णास अपाय होत नाही, पण ज्वर किंवा त्वचाविकार हटतही नाही. दोष योगावर किंवा ग्रंथावर येतो. तीच गोष्ट कूष्मांडाची. कूष्मांडावलेहासाठी कोहळाच हवा. तांबडा भोपळा अमेरिका खंडातून आलेला आहे; संहिताकारांना तो ठाऊक असण्याचा संभव नाही.

दुसरा अनर्थ प्राणघातक. मधुमेह, मेद व हृद्रोग यांवर दुधी भोपळ्याचा कच्चा रस रोज पिण्याची प्रथा गेल्या काही दशकांत वाढली. २०१० साली दिल्लीत कडू रस प्याल्याने एकाचा मृत्यू झाल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. रस कडू लागल्यास तो टाकून द्यावा, असे समितीने बजावले. अशा विषबाधेत तीव्र वांती, अतिसार, रक्तवमन व रक्तदाब खालावणे ही लक्षणे दिसतात; तिला विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. वैद्याच्या दृष्टीने पाहिल्यास हे इक्ष्वाकूचे, कोणतीही पूर्वतयारी व मात्राविचार न करता झालेले वमन-विरेचन होय. कडू म्हणजे औषधी आणि औषधी म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीने रुग्ण तो पेला संपवतो. ही समजूत आपल्याच शास्त्राच्या नावाने पसरली असल्याने ती दूर करण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

६. बांध गेला, द्रव्य गेले

वन्य वेलींचा आधार बांध व कुंपण हा आहे. वाटण्यांमुळे शेते लहान झाली, बांध नांगराखाली आले, बोरी-बाभळी तुटल्या आणि उरलेल्या जागेवर तणनाशक फवारले जाते. कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याला कडू पडवळ हे तणच वाटणार. त्यास दोष देता येणार नाही. परंतु बांधावरून वेल गेला की वैद्याला बाजारातील भरडीवर विसंबावे लागते आणि भरडीत रूप उरत नाही.

७. आपण काय करावे

(अ) प्रत्येक वैद्याने आपल्या तालुक्यातील दोन-तीन ठिकाणचे बांध आश्विनात स्वतः पाहावेत. सोबत गुराखी किंवा मेंढपाळ असावा. स्थानिक नाव त्याच्याकडून घ्यावे. पान, फूल व फळ यांची खूण स्वतः नोंदवावी.

(आ) द्रव्य घेताना यादीत ‘कडू पडवळ, फळासह वेल’ असे पूर्ण लिहावे. नुसते ‘पडवळ’ लिहू नये. भरड न घेता शक्यतो अखंड वाळलेला वेल घ्यावा.

(इ) रसपरीक्षा करावी, मात्र जिभेच्या टोकाला स्पर्शापुरती. नंतर थुंकून चूळ भरावी. इंद्रावण व देवडांगरीच्या बाबतीत अधिक सावध असावे.

(ई) चिकित्सालयाच्या आवारात कडू पडवळ व कडू दोडका लावावा. पण त्याच्या शेजारी त्याच जातीचा भाजीचा वेल लावून त्याचे बी धरू नये.

(उ) दुधीचा रस घेणाऱ्या प्रत्येक रुग्णास, त्याने विचारले नाही तरी, सांगावे : आधी एक लहान तुकडा चाखा, कडू लागला तर पूर्ण फळ टाकून द्या. रस घेतल्यावर वांती-अतिसार झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

वरील पाच गोष्टींना फार खर्च नाही. त्यांतील शेवटची तर प्रत्येक सभासदास आजपासूनच करता येण्यासारखी आहे. आश्विनातील संग्रहाच्या नोंदी सभासदांनी अंकासाठी पाठविल्यास जालना जिल्ह्यात कोणता वन्य वेल कोठे उरला आहे, याची एक विश्वसनीय सूची दोन-तीन वर्षांत आपल्या हाती येईल.