एस्कॉर्ट सेवेच्या नावाखालील ऑनलाइन फसवणूक

एस्कॉर्ट सेवेच्या नावाखालील ऑनलाइन फसवणूक हा आगाऊ रक्कम उकळून केल्या जाणाऱ्या सायबर गुन्ह्यांचा एक प्रकार आहे. यात संकेतस्थळ, समाजमाध्यम किंवा संदेशवहन अ‍ॅपवर सशुल्क सहवासाची खोटी जाहिरात दिली जाते. संपर्क साधणाऱ्या व्यक्तीकडून विसार, नोंदणी शुल्क किंवा सुरक्षा ठेव अशा नावांनी पैसे घेतले जातात आणि प्रत्यक्षात कोणतीही सेवा दिली जात नाही. अनेक प्रकरणांत पुढे बदनामीची किंवा अटकेची भीती दाखवून खंडणीही मागितली जाते. पीडित व्यक्ती लज्जेपोटी तक्रार करणार नाही, या गृहीतकावर हा गुन्हा उभा असतो.

पार्श्वभूमी

मोठ्या लाभाचे आमिष दाखवून आधी लहान रक्कम मागण्याची पद्धत इंटरनेटपेक्षा जुनी आहे. युरोपात ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखली जाणारी पत्रांद्वारे होणारी फसवणूक आणि नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून ‘४१९’ हे नाव मिळालेली फसवणूक ही तिची परिचित उदाहरणे होत. एस्कॉर्ट सेवेच्या नावाखाली होणारी फसवणूक याच कुळातील आहे.

जर्मनी, न्यूझीलंड यांसारख्या ज्या देशांत देहविक्रय कायदेशीर आहे, तेथे काही व्यावसायिक वेळ ठरवताना खरोखरच विसार घेतात. ठरवून न येणाऱ्या ग्राहकांमुळे होणारे नुकसान टाळणे आणि अनोळखी व्यक्तीची खातरजमा करणे, हा त्यामागील हेतू असतो. त्यामुळे विसाराची मागणी एवढ्यावरूनच फसवणूक सिद्ध होत नाही. मात्र याच प्रथेच्या आडोशाने भामट्यांची मागणी स्वाभाविक वाटू लागते.

भारतात २०१६ साली सुरू झालेल्या युनिफाइड पेमेंट्स इंटरफेसमुळे (यूपीआय) अनोळखी व्यक्तीला काही क्षणांत पैसे पाठवणे शक्य झाले. या सोयीचा लाभ भामट्यांनीही घेतला. जून २०१६ मध्ये केंद्र शासनाने एस्कॉर्ट सेवेची जाहिरात करणारी सुमारे २४० संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश इंटरनेट सेवा पुरवठादारांना दिले. तथापि नवे नाव घेऊन तशाच स्वरूपाचे संकेतस्थळ उभारणे अल्पखर्चिक असल्याने अशा बंदीचा परिणाम मर्यादित राहतो.

कार्यपद्धती

जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा मॉडेल, अभिनेत्री किंवा समाजमाध्यमांवरील सामान्य स्त्रियांच्या खात्यांतून चोरलेली असतात. एकच छायाचित्र निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या नावांनी वापरले जाते. संपर्क झाल्यावर संभाषण त्वरेने खासगी संदेशांकडे वळवले जाते.

पहिली मागणी मुद्दाम लहान ठेवलेली असते. ती पूर्ण झाल्यावर हॉटेलमधील प्रवेशपत्र, वाहनभाडे, वैद्यकीय तपासणी, ‘परत मिळणारी’ सुरक्षा ठेव अशी नवी कारणे पुढे येतात. प्रत्येक वेळी हा शेवटचा हप्ता असल्याचे सांगितले जाते. आधी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, या विचाराने पीडित व्यक्ती आणखी पैसे भरत जाते. परतावा मागितल्यास क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करण्यास आणि यूपीआय पिन टाकण्यास सांगितले जाते. वस्तुतः पैसे स्वीकारण्यासाठी पिनची आवश्यकता नसते. पिन टाकताच खात्यातून आणखी रक्कम वजा होते.

ही रक्कम सहसा तिसऱ्याच व्यक्तीच्या नावावरील भाडोत्री बँक खात्यात जमा होते. तेथून ती अल्पावधीत अनेक खात्यांत विभागली जाते किंवा एटीएममधून काढली जाते. परदेशांत याच कामासाठी गिफ्ट कार्डांचे क्रमांक मागण्याची पद्धत रूढ आहे. असा क्रमांक दिल्यावर पैसे परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते.

इतर प्रकार

खंडणी : संभाषणाचे स्क्रीनशॉट, दूरध्वनी क्रमांक किंवा ओळखपत्राची प्रत कुटुंबीयांना व नोकरीच्या ठिकाणी पाठवण्याची धमकी दिली जाते. काही वेळा टोळीतील दुसरी व्यक्ती पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून ‘प्रकरण मिटवण्यासाठी’ पैसे मागते. व्हिडिओ कॉलवर अश्लील दृश्य दाखवून समोरच्या व्यक्तीचे चित्रण करणे व त्याआधारे पैसे उकळणे, या प्रकारास सेक्सटॉर्शन म्हणतात.

नोकरीचे आमिष : बेरोजगार तरुणांना पुरुष एस्कॉर्ट म्हणून भरघोस कमाईचे आश्वासन देऊन नोंदणी शुल्क, ओळखपत्र, विमा इत्यादी कारणांनी पैसे घेतले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये बिहारमधील नवादा जिल्ह्यात पोलिसांनी एक टोळी पकडली. अपत्यहीन स्त्रियांना गर्भधारणा करून दिल्यास लाखो रुपये मिळतील, असे सांगून ही टोळी पुरुषांकडून नोंदणीचे पैसे घेत असे.

माहितीची चोरी : वयाच्या पडताळणीच्या निमित्ताने आधार किंवा पॅन कार्डाची छायाचित्रे मागवली जातात व त्यांचा वापर पुढील गुन्ह्यांत होतो.

परिणाम

पैसे गमावणाऱ्या व्यक्तीखेरीज इतरांनाही या गुन्ह्याची झळ पोहोचते. ज्या स्त्रीचे छायाचित्र चोरले जाते, तिची तिच्या नकळत बदनामी होते आणि जाहिरातीत तिचा क्रमांक असल्यास तिला अनोळखी दूरध्वनींचा उपद्रव सहन करावा लागतो. देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींच्या नावाने खोटी खाती उघडली गेल्यास फसलेल्या ग्राहकांचा रोष त्यांच्यावर येतो. आपले खाते कमिशनवर वापरू देणारे विद्यार्थी व मजूरही आरोपी ठरू शकतात. खंडणीच्या प्रकरणांत सततच्या धमक्यांमुळे पीडितांना गंभीर मानसिक तणाव सोसावा लागतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ नुसार कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे आणि त्यासाठी ग्राहकांना आवाहन करणे हे गुन्हे आहेत. सार्वजनिक स्थळापासून २०० मीटरच्या आतील देहविक्रयाच्या बाबतीत ग्राहकालाही शिक्षा होऊ शकते. प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय मात्र स्वतः गुन्हा नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींनाही कायद्याचे समान संरक्षण असल्याचे स्पष्ट केले.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार अनैतिक उद्दिष्टाचा करार निरर्थक ठरतो. त्यामुळे अशा व्यवहारातील विसार दिवाणी दाव्याने वसूल करणे कठीण असते. फौजदारी कायद्यात मात्र फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा असून व्यवहाराच्या स्वरूपामुळे भामट्याला माफी मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ फसवणुकीस, कलम ३१९ तोतयेगिरीस आणि कलम ३०८ खंडणीस लागू होते. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तक्रार व पैसे रोखण्याची यंत्रणा

केंद्रीय गृह मंत्रालयाने राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल २०१९ साली सर्व प्रकारच्या सायबर गुन्ह्यांसाठी खुले केले. २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या तत्काळ नोंदीसाठी यंत्रणा सुरू झाली. तिचा मदत क्रमांक सुरुवातीला १५५२६० होता. पुढे तो १९३० करण्यात आला. तक्रार मिळताच संबंधित बँकांना कळवून रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवण्याचा प्रयत्न केला जातो. म्हणून फसवणुकीनंतरचे पहिले काही तास निर्णायक मानले जातात. स्वतः पिन टाकून पाठवलेली रक्कम बँकेकडून भरपाई म्हणून मिळण्याची शक्यता कमी असल्याने ही तत्परता अधिकच महत्त्वाची ठरते.

व्यवहार क्रमांक, संदेश, दूरध्वनी क्रमांक व जाहिरातीचा पत्ता हे तपासातील प्रमुख पुरावे असतात. घाबरून संभाषण पुसून टाकल्यास तपास अवघड होतो. खंडणीचा एक हप्ता दिल्याने मागणी थांबत नाही. पीडित पैसे देऊ शकतो, हे कळल्याने ती बहुधा वाढते. महाराष्ट्रात जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवता येते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलिसांना माहिती नोंदवून घ्यावी लागते.

हेही पहा

सायबर गुन्हा
सेक्सटॉर्शन
युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६