अनेकवचनी नाम, शब्दयोगी अव्यय आणि अनुस्वार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• शब्दयोगी अव्यय लागताना अनेकवचनी नामात होणारा बदल स्पष्ट करणे.
• सामान्यरूपावरील अनुस्वाराचे कार्य व त्याचा इतिहास सांगणे.
• आपल्या बोलीच्या आधाराने हा अनुस्वार अचूक ओळखणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

(अ) आजोबांनी शेत मुलाकडे सोपवले.
(आ) आजोबांनी शेत मुलांकडे सोपवले.

कानाला दोन्ही वाक्ये जवळजवळ सारखीच वाटतील. डोळ्यांना मात्र दुसऱ्या वाक्यात एक टिंब अधिक दिसेल. शेत एकट्या मुलाचे झाले की सर्व भावंडांचे, हे त्या टिंबावरून कळते. उत्तरपत्रिका तपासताना हे टिंब गळलेले वारंवार आढळते. विद्यार्थी त्याला ‘शुद्धलेखनाची किरकोळ चूक’ मानतात. वस्तुतः तो व्याकरणाचा प्रश्न आहे. कारण तेथे अनुस्वार गळला म्हणजे वचनच बदलते.

२. इंग्रजी आणि मराठी : रचनेतील भेद

इंग्रजीत ‘टीचर’चे अनेकवचन ‘टीचर्स’ होते. संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो : ‘फॉर टीचर्स’, ‘विथ टीचर्स’. त्याच्या येण्याने ‘टीचर्स’ या रूपात काहीही बदल होत नाही.

मराठीत असा शब्द नामाच्या नंतर येतो व नामाला जोडून लिहिला जातो. म्हणून त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात. तो लागण्यापूर्वी नामाच्या मूळ रूपात जो बदल होतो, त्या बदललेल्या रूपास सामान्यरूप म्हणतात. विभक्तिप्रत्ययही या सामान्यरूपासच लागतात.

आता ‘शिक्षक आला’ आणि ‘शिक्षक आले’ ही वाक्ये पाहा. नाम दोन्हीकडे ‘शिक्षक’च आहे, वचन क्रियापदावरून कळते. परंतु ‘शिक्षकासाठी’ आणि ‘शिक्षकांसाठी’ यांत वचन नामातच प्रकट होते. इंग्रजीत जो शब्द अनेकवचनाला स्पर्शही करत नाही, त्याच्या मराठी प्रतिरूपापाशीच अशा नामांचे अनेकवचन प्रथम दृश्य होते.

३. वचनभेद कोणत्या खुणेने कळतो?

या दृष्टीने नामांचे दोन गट करता येतात.

पहिल्या गटात स्वर बदलतो. ‘शाळा’चे ‘शाळेत’ व ‘शाळांत’, ‘नदी’चे ‘नदीवर’ व ‘नद्यांवर’, ‘वाट’चे ‘वाटेवर’ व ‘वाटांवर’. येथे अनुस्वार राहून गेला तरी वाचक बहुधा अर्थ सावरून घेतो.

दुसऱ्या गटात भेद केवळ अनुस्वाराचा असतो. बहुतेक पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामे या गटात येतात : घरापुढे–घरांपुढे, घोड्यावर–घोड्यांवर, विद्यार्थ्यासाठी–विद्यार्थ्यांसाठी. ‘भिंत’सारखी, ज्यांचे अनेकवचन ईकारान्त होते ती स्त्रीलिंगी नामेही याच गटातली : भिंतीवर–भिंतींवर.

दुसऱ्या गटातील चूक किती दूर जाऊ शकते, हे एका उदाहरणाने पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या वाक्यात चुकून ‘अनुयायासह’ असे लिहिले, तर लाखोंचा जनसमुदाय एका टिंबाअभावी एका व्यक्तीवर येतो.

४. हा अनुस्वार आला कोठून?

संस्कृतात षष्ठीच्या अनेकवचनी रूपाच्या शेवटी ‘आनाम्’ असे : ‘देवानाम्’, ‘लोकानाम्’. प्राकृत व अपभ्रंश या अवस्थांतून येताना हा शेवट झिजत गेला आणि त्यातील नासिक्य ध्वनी स्वरावर अनुनासिकतेच्या रूपाने उरला. जुन्या मराठीत ‘लोकां’ एवढे रूपही, पुढे काही न लागता, ‘लोकांना’ या अर्थी वापरले जाई. ‘तुम्हां-आम्हां’सारख्या प्रयोगांत त्याचा अवशेष आजही आहे. हिंदीतील ‘लोगों को’, ‘घरों में’ यांतील अनुनासिकतेचेही मूळ हेच मानले जाते. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवरील आपल्या १९२० साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात अशा रूपांचा ऐतिहासिक विचार केला आहे.

पुढे प्रमाण मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या उच्चारातून ही अनुनासिकता लोपली; कोकणीत अनुनासिक स्वर आजही स्पष्ट ऐकू येतात. मराठी लेखनात मात्र अनुस्वार टिकले आणि ते अनेक कारणांसाठी दिले जात. जुन्या पुस्तकांत ‘घरांत’ हे एकवचनी रूपही अनुस्वारासह छापलेले आढळते. म्हणून तेथे ‘घरांत’ दिसताच ते अनेकवचन समजू नये. संदर्भ पाहावा.

मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले; १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार रद्द केले, परंतु नामे व सर्वनामे यांच्या अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार राखला. त्यामुळे तेथे अनुच्चारित अनुस्वाराला एकच काम उरले : अनेकवचन दाखवणे. ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत, हा स्वच्छ भेद या व्यवस्थेने दिला.

५. वऱ्हाडीची साक्ष

‘ऐकू येत नाही ते लिहायचे कसे?’ हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे. विदर्भातील विद्यार्थ्यांजवळ त्याचे एक उत्तर घरातच आहे. वऱ्हाडी–नागपुरी बोलीत ‘पोराले’ म्हणजे मुलाला आणि ‘पोरायले’ म्हणजे मुलांना. तसेच ‘माणसाचं–माणसायचं’. काही ठिकाणी ‘पोराईले’ असा उच्चार होतो. प्रमाण उच्चारात जो वचनभेद पुसट झाला, तो या बोलीने ‘आय’ किंवा ‘आई’ अशा ठसठशीत खुणेने कानाला ऐकू येईल असा राखला आहे.

म्हणून लिहिताना शंका आली, तर तेच वाक्य मनात आपल्या बोलीत म्हणून पाहा. तेथे ‘पोरायले’ आले, तर येथे ‘मुलांना’ लिहा. अनेक प्रौढ विद्यार्थी आपल्या बोलीला ‘अशुद्ध’ समजून संकोचतात. पण याबाबतीत तीच बोली प्रमाण लेखनाची वाट दाखवते, हे ध्यानात घ्यावे.

१९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषकांच्या राज्याच्या राजधानीचे शहर होते. त्यामुळे येथील कानांना हिंदीही सवयीची आहे. ‘बच्चे को’ व ‘बच्चों को’ हा भेदही अशा वेळी उपयोगी पडतो. मात्र ‘बच्चों के लिए’ असे सुटे लिहिण्याची हिंदीची रीत मराठीत आणू नये. ‘मुलां साठी’ असे न लिहिता ‘मुलांसाठी’ असे जोडून लिहावे.

६. काही विशेष स्थळे

(अ) आदरार्थी अनेकवचन : व्यक्ती एक असली तरी आदरार्थी रूपावर अनुस्वार येतो. वडिलांना, सरांकडे, मुख्यमंत्र्यांसमोर, न्यायाधीशांपुढे.

(आ) विशेषण : नामाआधीच्या विशेषणावर अनुस्वार देऊ नये. ‘मोठ्या घरांमध्ये’ बरोबर. ‘मोठ्यां घरांमध्ये’ चूक. विशेषण नामासारखे योजले असता मात्र अनुस्वार येतो : ‘मोठ्यांना विचारा.’

(इ) संख्या व परिमाण : दोन दिवसांत, तीन महिन्यांनी, शंभर रुपयांत. ‘दोन दिवसात’ ही चूक फार आढळते. ‘किलोमीटर’सारख्या परिमाणवाचक इंग्रजी शब्दांचे सामान्यरूप सहसा होत नाही : ‘दहा किलोमीटरवर’.

(ई) इंग्रजी शब्द : मराठीत रुळलेल्या शब्दांना मराठीचीच रीत लागू होते : बँकेत–बँकांत, डॉक्टराला–डॉक्टरांना. परंतु रोजच्या बोलण्यात ‘स्टुडंट्सना’, ‘पेरेंट्ससाठी’ अशी रूपे सर्रास ऐकू येतात. येथे अनेकवचन इंग्रजीच्या ‘स्’ने दाखवलेले असल्याने सामान्यरूप होत नाही व अनुस्वारही येत नाही. औपचारिक लेखनात ‘विद्यार्थ्यांना’, ‘पालकांसाठी’ ही रूपे योजावीत.

७. सारांश

शब्दयोगी अव्यय लागताना मराठी नामाचे सामान्यरूप होते आणि अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो. अनेक नामांच्या बाबतीत वचनाची तीच एकमेव लेखी खूण असते. उच्चार तिची आठवण करून देत नसला, तरी अर्थ व आपली बोली करून देतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘शेतकऱ्याच्या मुलासाठी’ या शब्दसमूहातील दोन्ही नामांचे वचन आळीपाळीने बदलून चार रूपे लिहा व प्रत्येकाचा अर्थ सांगा.
२. ‘शाळेत–शाळांत’ आणि ‘घरात–घरांत’ या जोड्यांमधील वचनभेदाच्या खुणांची तुलना करा.
३. आपल्या बोलीतील पाच वाक्ये मिळवा, ज्यांत अनेकवचनी नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले आहे. ती प्रमाण मराठीत लिहून अनुस्वाराची स्थाने दाखवा.
४. आपल्या घरातील एखादा जुना दस्तऐवज, पत्र किंवा सूचनापत्र वाचा. त्यातील कोणत्या ठिकाणी अनुस्वार दिल्याने वा गाळल्याने अर्थ बदलेल, ते नोंदवा.